एक कोयता म्हणजे किती माणसे?



वसंतातील व्याख्यान म्हणजे आंब्याच्या दिवसांतले व्याख्यान. अशा दिवसांत कुणी संगीतावर बोलावे, नाटकावर बोलावे. अर्थशास्त्रावर बोलणाऱ्याने प्रथम श्रोत्यांची क्षमा मागावी हेच बरे. ती आम्ही मागतो. पण आमच्या बाजूने एक साक्षीदार उभा करण्याची परवानगी असावी. पुण्यात १८७५ साली ज्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे स्वतः अर्थशास्त्राचे मोठे अभ्यासक होते, आणि त्यांच्या बालपणीची शिक्षणाची काही वर्षे याच कोल्हापुरात गेली. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांचेही शालेय शिक्षण कोल्हापुरातले. तेव्हा वसंत व्याख्यानमाला, अर्थशास्त्र आणि कोल्हापूर यांचे नाते जुने आहे. आज आम्ही काही परके पाहुणे घेऊन आलेलो नाही.

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर एक व्याख्यान दिले. विलायती ग्रंथांतले सिद्धांत जसेच्या तसे उचलून या देशाला लावता येणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. त्या ग्रंथांतला माणूस एकटा असतो. तो स्वतःचा नफातोटा पाहतो, आज इथले काम सोडतो आणि उद्या तिथले धरतो. आपल्याकडचा माणूस तसा एकटा नसतो; त्याचे आयुष्य त्याच्या इच्छेपेक्षा कुटुंब आणि जात हीच अधिक ठरवतात, असे रानड्यांनी सांगितले. या विचाराला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जाण्याचे कारण नाही. पंचगंगेच्या काठचा उसाचा फड पुरेसा आहे.

हंगाम संपून आता कारखान्यांची धुराडी थंड झाली आहेत. शिवारातल्या कोप्या उठल्या आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून आणि नगरच्या दुष्काळी टापूतून जी माणसे ट्रॅक्टरांत, बैलगाड्यांत संसार घालून आली होती, ती परत गेली. महाराष्ट्रात अशा ऊसतोड कामगारांची संख्या दहा लाखांच्या आसपास असावी असे अंदाज केले जातात. आपण कोल्हापूरकर चार-पाच महिने त्यांना रोज पाहतो. रात्री रस्त्यावर उसाची गाडी आडवी आली म्हणजे त्यांना दोन शब्दही ऐकवतो. पण त्यांच्या मजुरीचा हिशेब कसा होतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्या हिशेबाचे परिमाण ‘कोयता’ हे आहे. मुकादम विचारतो, किती कोयते आणू? कारखान्याकडे टोळीची नोंद होते ती अमुक इतक्या कोयत्यांची. आता कोयता म्हणजे लोखंडाचे हत्यार, ते एका हातात मावते. पण या हिशेबात एक कोयता म्हणजे एक जोडपे, नवरा आणि बायको. दोघांच्या श्रमाचे नाव एक, उचल एक, आणि टनाला मिळणारी मजुरीही एकच. एकट्या पुरुषाला किंवा बाईला काम मिळालेच तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. माणसाची गणती अर्ध्यात करण्याची ही रीत कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही, पण फडात ती अगदी सहज बोलली जाते.

काही वर्षांपूर्वी शिरोळकडच्या एका फडावर आम्ही पहाटे गेलो होतो. थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ यावी. पुरुष ऊस तोडत पुढे चालला होता. मागून त्याची बायको पाचट काढी, ऊस गोळा करी, मोळ्या बांधी, आणि मग त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढून गाडीत रची. त्याआधी तिने पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापल्या होत्या, पाणी भरले होते आणि लहान पोराला मोठ्या पोरीच्या स्वाधीन केले होते. ती मोठी पोर आठ वर्षांची होती. आम्ही त्या बाईंना विचारले, “या हंगामात तुमची मजुरी किती झाली?” त्या थोड्या हसल्या आणि म्हणाल्या, “मला काय इचारता सायेब, ह्यांना इचारा. कोयता ह्यांच्या नावावर हाय.”

आजच्या व्याख्यानाचा विषय हे एवढे वाक्य आहे.

प्रथम साधा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात जो समझोता झाला, त्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. समजा, एका जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडून भरला. म्हणजे दिवसाचे सुमारे सातशे तीस रुपये झाले. ऐकायला आकडा वाईट नाही. पण तो दोघांत वाटा, म्हणजे माणशी तीनशे पासष्ट. त्याला बारा तासांनी भागा, कारण तोडणे, भरणे आणि गाडीची वाट पाहणे यांत बारा तास सहज जातात. तासाला तीस रुपये हाती येतात. बाईच्या पहाटेच्या आणि रात्रीच्या तासांना तर भागायलाच नको, कारण त्यांची नोंदच कुठे नाही.

मग जोडपेच का मागितले जाते? याला अर्थशास्त्राची उत्तरे आहेत. पहिले उत्तर देखरेखीचे. रोजंदारीच्या माणसावर लक्ष ठेवायला माणूस लागतो. टनावर काम करणाऱ्या जोडप्यावर कुणी लक्ष ठेवण्याची गरज पडत नाही. दुसरे उत्तर उचलीचे. हंगामापूर्वी जोडप्याला रक्कम आगाऊ मिळते, आणि ती पावसाळ्यात दुकानदाराचे देणे, औषधपाणी, मुलीचे लग्न यांत संपून जाते. मग हंगामभर ती फेडायची. एकटा पुरुष कंटाळून रात्री निघून जाऊ शकतो, बायकापोरे घेऊन आलेला जाऊ शकत नाही. म्हणजे येथे कुटुंब हेच कर्जाचे तारण झाले. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गुजरातेतील बारडोलीच्या साखर कारखान्यांवर अभ्यास केला. तेथे तोडणीला जाणारे मजूर आपल्या खानदेशातलेच होते आणि तेथेही गणना कोयत्यांचीच होती. रानडे म्हणाले होते, आपल्याकडे व्यक्तीपेक्षा कुटुंब प्रबळ. बाजाराने ते ओळखले आणि कुटुंबच्या कुटुंब मजुरीला लावले.

येथे कुणी म्हणेल, यात बिघडले काय? पैसा घरातच येतो ना! नवऱ्याच्या हाती आला काय किंवा बायकोच्या हाती आला काय, चूल एकच.

हा आक्षेप हलका नाही. मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ काळ असेच मानले. गॅरी बेकर या अमेरिकन पंडिताने कुटुंबाचे अर्थशास्त्र रचले, त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मांडणीत घर हे एका मनाने चालणारा छोटा कारखानाच होते. आपल्या अमर्त्य सेन यांनी मात्र वेगळे सांगितले. घरात सहकार्य असते तसा संघर्षही असतो. ज्याची कमाई डोळ्यांना दिसते त्याचा शब्द घरात चालतो, आणि जिची दिसत नाही तिला स्वतःलाही आपला वाटा मोठा वाटत नाही. फडावरच्या त्या बाईंचे हसू आठवा.

कोणाचे खरे? यासाठी एक परदेशातला पुरावा पाहू. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपत आली तेव्हा काळ्या वृद्धांचे निवृत्तिवेतन बरेच वाढले. एस्थर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी पाहिले की हे पैसे ज्या घरात येतात तेथील नातवंडांच्या प्रकृतीत काय फरक पडतो. पैसे आजीच्या हाती पडले तेथे नातींची वजने सुधारली होती. आजोबांच्या हाती पडले तेथे असा परिणाम आढळला नाही. घर तसेच होते आणि पैसाही तसाच होता, फक्त तो घेणारा हात वेगळा होता. तेव्हा चूल एकच असली तरी पैसा कोणाच्या हाती पडतो याने पोरीच्या ताटात फरक पडतो.

आता सरकारी मोजणीकडे वळू, कारण जे मोजले जात नाही त्यावर धोरण आखले जात नाही. १९६१ च्या जनगणनेत देशात कामकरी स्त्रिया सुमारे पाच कोटी नव्वद लाख भरल्या. १९७१ च्या जनगणनेत त्या तीन कोटी दहा लाखांच्या आसपास उरल्या. दहा वर्षांत निम्म्या स्त्रिया काय घरी बसल्या? तसे झाले नव्हते. मुख्यतः प्रश्न बदलला होता. १९६१ साली हंगामात रोज तासभर नियमाने काम करणारीही कामकरी धरली होती. १९७१ साली प्रथम विचारले, मुख्य उद्योग कोणता? शेतात राबून आलेल्या बाईने, किंवा तिच्या वतीने घरच्या पुरुषाने, सांगितले “घरकाम”. झाले, ती यादीतून उतरली.

अलीकडे मोजणी सुधारली आहे. २०१९ साली केंद्र सरकारने लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली, ती २०२४ साली पुन्हा केली. २०२४ च्या पाहणीत घरचे बिनमोल काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात असे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. आणि मुळात असे काम करणारे पुरुषच थोडे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९६० च्या दशकातच कामकरी स्त्रियांवर व्याख्याने दिली होती. हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी उभे होते. सहकारी साखर आणि स्त्रीचे श्रम हे दोन विषय एकाच विद्वानाच्या टेबलावर होते. त्यांची गाठ घालायची मात्र राहून गेली.

ती न घातल्याची किंमत काय पडली, हे २०१९ साली सर्वांना कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची आरोग्य खात्याने पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. त्यांतल्या पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. याची कारणे अनेक आहेत आणि डॉक्टरी व्यवहाराचाही त्यात भाग आहे. पण एक कारण आमच्या विषयातले आहे. फडात एक दिवस खाडा झाला तर दंड कोयत्याला बसतो. बाई आजारी पडली म्हणजे नवऱ्याचीही मजुरी बुडते, कारण दोघांचे काम एकत्र विणलेले आहे. महिन्याचे चार दिवस, बाळंतपण, कंबरदुखी हे सगळे मग कोयत्याचे नुकसान ठरते. हिशेबाची एक रीत माणसाच्या शरीरापर्यंत अशी पोहोचते.

मंडळी, येथपर्यंत ऐकून काही शेतकरी बंधू मनात म्हणत असतील, व्याख्याते एकाच बाजूचे दिसतात. तर दुसरी बाजूही सांगतो. उचल घेऊन टोळीच न आणणाऱ्या मुकादमांनी बुडवलेले कितीतरी वाहनमालक याच जिल्ह्यात आहेत. कुणी ट्रॅक्टर विकला, कुणी जमीन गहाण टाकली. तोड लांबली की शेतकरी टोळीच्या विनवण्या करतो आणि दराशिवाय वर खुशालीचे पैसे मोजतो. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातूनच कापला जातो. म्हणजे मजुराचा दर वाढला की झळ शेतकऱ्याला. यावरून निष्कर्ष निघतो तो असा की या व्यवहारात वर बसलेला कुणी एकच दुष्ट माणूस नाही. दोन गरजवंत समोरासमोर उभे आहेत, आणि मधल्या अंधारात पैसा हरवतो.

दर वाढवला तर साखरधंदा बुडेल का? आकडा मांडून पाहू. आपल्या भागात एका टन उसापासून एकशे दहा ते एकशे वीस किलो साखर निघते. टनाला आणखी पन्नास रुपये तोडणी दिली तर साखरेच्या किलोमागे बेचाळीस ते पंचेचाळीस पैसे वाढतात. चहाच्या कपात ते जाणवणार नाहीत. प्रश्न हा आहे की ते पंचेचाळीस पैसे शेतकऱ्याच्या बिलातून कापायचे की साखर, मळी, अल्कोहोल, वीज या सगळ्या उत्पन्नातून उघडपणे काढायचे. कायद्याने भार कोणावरही टाका, बाजारात ज्याला दुसरी वाट नाही त्याच्यावर तो सरकतो.

‘दुसरी वाट’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. कोल्हापूरच्या माणसाला त्यांचा अर्थ सांगायला नको. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली. कारखाना कमी दर देतो असे वाटले तर इथला शेतकरी म्हणू शकत असे, ठीक आहे, आम्ही गुऱ्हाळ लावतो. सगळाच ऊस काही गुऱ्हाळाला जात नसे. पण जाऊ शकतो एवढ्यानेच शेतकऱ्याच्या शब्दाला वजन येई. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात विकणारा दुबळा असतो. त्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले की पहिलेही नीट बोलू लागते. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली हे शास्त्रात मांडले, आपल्या आजोबांनी ते चुलवाणासमोर बसून जाणले होते.

मग ऊसतोड मजुराचे गुऱ्हाळ कोणते? महाराष्ट्रात ते एकदा बांधले गेले आहे. सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे यांनी आग्रह धरला की जो काम मागेल त्याला सरकारने गावाजवळ काम द्यावे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली याच कल्पनेवर देशाचा कायदा झाला. पुढे संशोधकांनी तपासले तेव्हा दिसले की ज्या जिल्ह्यांत हे काम आधी पोहोचले, तेथे शेतीची कामे नसलेल्या दिवसांत खासगी मजुरीही सुमारे पाच टक्क्यांनी वाढली. जे सरकारी कामावर गेलेच नाहीत त्यांचाही दर वाढला. गुऱ्हाळाचाच हा न्याय. आणि हमीच्या कामावर आणखी एक गोष्ट घडली. हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र लिहिले गेले, आणि कामाचे माप सारखे तर मजुरीही सारखी.

मजुरी वाढवली की रोजगार घटतो, अशी भीती नेहमी घातली जाते. अमेरिकेत १९९२ साली न्यू जर्सी राज्याने किमान वेतन वाढवले तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून दाखवले की उपाहारगृहांतल्या नोकऱ्या कमी झाल्या नाहीत. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळाले. हा निकाल सर्वत्र लागू पडेल असा आमचा दावा नाही. आपल्याकडे ऊस तोडणारी यंत्रे आली आहेत. मजुरी वाढली तर ती अधिक वेगाने येतील. पण आपली शेते लहान, वाफे आखूड आणि सऱ्या अरुंद आहेत. यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर, आणि ते येतानाही, माणसाला माणूस म्हणून मोजले पाहिजे.

आमची मागणी फार मोठी नाही. करारावर दोन नावे असावीत, त्याचे आणि तिचे. मजुरी दोन खात्यांत जावी. उचलीची रक्कम आणि फेड दोघांना वाचून दाखवावी. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा दंडास पात्र नसावा. यासाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे, कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याचे ठरले आहे. मग नोंद दर माणशी होण्यास अडचण कसली? कोयत्यांची मोजणी होऊ शकते तर माणसांची का होऊ नये?

आणि एक गोष्ट केवळ कोल्हापूरची. या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्याच भूमीवर दर हिवाळ्यात आठ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसलेली असते. ती बीडच्या शाळेच्या पटावर आहे, कोल्हापूरच्या शिवारात आहे, आणि शिकत मात्र कुठेच नाही. पुढे दहा वर्षांनी तिचे लग्न होईल, कदाचित त्याआधीच, कारण जोडी जमल्याशिवाय कोयता होत नाही. आपल्या गावची शाळा तिला पाच महिने जवळ घेऊ शकते. त्याला दिल्लीचा कायदा लागत नाही. मुख्याध्यापक, सरपंच आणि कारखान्याचा गट कार्यालयातला चिटबॉय एकत्र बसले तरी पुरे.

दिवाळीला त्या गाड्या पुन्हा येतील. या सभागृहातील कुणाचा ऊस तेव्हा तोडीला आला असेल, तर फडावर गेल्यावर एवढेच करावे. त्या बाईंना त्यांचे नाव विचारावे आणि आपल्या वहीत, तिच्या नवऱ्याच्या नावाखाली, निराळ्या ओळीत लिहून ठेवावे. त्यांची मजुरी त्याने वाढणार नाही. पण मोजणीला तिथून सुरुवात होईल.